पाणी अडविणारा सांधा

दोन वस्तू एकमेकींना जोडल्या की त्यांच्यामध्ये फट राहतेच. ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती नाही असे समजणे, ही गळतीची सुरुवात होय. मातीचा घडा क्वचितच गळतो, कारण त्याला सांधा नसतो. नळ, टाकी, पंप आणि नाव मात्र अनेक तुकड्यांची बनलेली असतात, आणि पाणी त्या तुकड्यांतून न जाता त्यांच्या मधून वाट काढते. या प्रकरणात एका लहानशा, परंतु जीविताशी संबंध असलेल्या सांध्याचा विचार करावयाचा आहे. घरी बांधलेल्या नावेत तोल राखण्यासाठी जे पाणी भरतात, त्या पाण्याच्या नळ्यांचे जोड कसे बसवावेत, हा येथील प्रश्न आहे.

मुंबईत बांधलेली एक नाव

प्रारंभी एक घडलेली गोष्ट पाहू. 'सुहैली' नावाची सुमारे ३२ फूट लांबीची शिडाची नाव मुंबईत, सागवानी लाकडात, येथील कारागिरांच्या हातून बांधली गेली. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश नाविक तिच्यातून इंग्लंडमधील फालमथ बंदरातून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. काही आठवड्यांतच नावेत रोज पाणी साचू लागले. अटलांटिक महासागरात, केप व्हर्द बेटांच्या परिसरात, त्याने पाण्यात बुडी मारून पाहिले, तेव्हा नावेच्या कण्याजवळ दोन फळ्यांमधला सांधा नाव हलेल तसा उघडत आणि मिटत असल्याचे त्याला दिसले. त्याने त्या फटीत कापूस ठासण्याचा प्रयत्न केला, पण खिळे मारून होण्यापूर्वीच कापूस सुटून येई. मग त्याने कापूस कॅन्व्हासच्या पट्टीवर शिवला, तिला डांबर लावले आणि ती पट्टी पाण्याखाली तांब्याच्या चुकांनी ठोकून बसविली. त्यावर नंतर तांब्याचा पत्रा चढविला. मधल्या काळात एक शार्क मासा घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालूनच काम पुढे चालवावे लागले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनंतर, 'सुहैली' फालमथला परतली. कोठेही न थांबता एकट्याने पूर्ण केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ठरली.

या प्रसंगातून तीन गोष्टी शिकावयास मिळतात. पहिली अशी की, नावेचे लाकूड शाबूत होते, दोष फक्त सांध्यात होता. दुसरी अशी की, जो सांधा हलतो त्याला भरणारे द्रव्यही हलणारे, लवचिक असावे लागते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अशी की, नुसते फट भरणारे द्रव्य पुरेसे नसते. त्याला जागेवर दाबून धरणारी दुसरी वस्तू हवी. कापसाने पाणी अडविले, परंतु कापसाला पट्टीने आणि चुकांनी धरून ठेवले. पाणी अडविणाऱ्या प्रत्येक सांध्यात ही दोन कामे वेगवेगळी असतात.

तोलभार म्हणजे काय

रिकामी नाव पाण्यावर उंच तरंगते आणि थोड्या धक्क्यानेही कलते. म्हणून तिच्या तळाशी जड वस्तू ठेवण्याची चाल फार जुनी आहे. इंग्रजीत हिला बॅलास्ट म्हणतात, आपण तोलभार म्हणू. पूर्वी यासाठी दगड, वाळू किंवा लोखंडाचे तुकडे घालीत. ते चढविण्या-उतरविण्यात श्रम आणि वेळ खर्ची पडे. १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेल्या 'जॉन बोज' या कोळसावाहू आगबोटीसारख्या जहाजांनी दगडांऐवजी समुद्राचेच पाणी वापरण्याचा मार्ग रूढ केला. पाणी पंपाने आत घेता येते आणि पंपानेच बाहेर टाकता येते. आज मोठ्या मालवाहू जहाजांपासून हौशी माणसाच्या लहान नावेपर्यंत हीच पद्धत दिसते.

लहान नावेतील व्यवस्था साधी असते. तळातून किंवा काठावरून पाणी घेणारे तोंड, त्यावर एक झडप, पंप, नळी, टाकी अथवा जाड रबरी पिशवी, आणि टाकीतील हवा बाहेर जाण्यासाठी दुसरी नळी, एवढेच तिचे भाग. यांतील प्रत्येक भाग बाजारात तयार मिळतो. तयार मिळत नाही तो त्यांच्यामधील जोड. तो करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो.

भिलाईचा संदर्भ

भिलाई शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी जहाजांशी त्याचे नाते जवळचे आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजासाठी जे खास पोलाद लागले, त्याचा काही भाग भिलाईच्या कारखान्यात तयार झाला. ज्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, तोच हा कारखाना. पोलादाची चादर कितीही उत्तम असली तरी जहाज शेवटी तिच्या जोडांवर तरंगते, हे येथील कामगाराला वेगळे सांगावयास नको.

वैशाली नगरासारख्या वसाहतीतील एखाद्या घराच्या अंगणात कोणी हौसेने लहान नाव बांधीत आहे, अशी कल्पना करू. त्याला लागणाऱ्या बहुतेक धड्यांची तोंडओळख त्याच्या घरातच झालेली असते. गच्चीवर पाण्याची टाकी असते. उन्हाळ्यात खिडकीत कूलर असतो आणि त्यातील छोटा पंप बारीक नळीतून पाणी वर चढवितो. ही नळी दर उन्हाळ्यात एकदा तरी निसटते आणि खोलीत पाणी होते. कूलरची नळी निसटली तर फरशी पुसावी लागते. नावेतील नळी निसटली तर पुसण्यास फरशी उरेलच असे नाही. तंत्र तेच, परिणाम मात्र भिन्न.

गळती किती मोठी?

थेंबाथेंबाने गळणाऱ्या जोडाकडे माणूस दुर्लक्ष करतो. परंतु सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी जमते. नाव महिनाभर बांधून ठेवली तर सुमारे १३० लिटर, म्हणजे दोन माणसांच्या वजनाइतका भार, कोणाच्या नकळत तळाशी साचतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

पूर्ण निसटलेल्या नळीचे गणित याहून भयावह आहे. पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे तोंड उघडे पडले, तर पाणी सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने आत घुसते. भोकातून जाताना प्रवाह आक्रसतो, ती घट वजा केली तरी मिनिटाला सुमारे ५५ लिटर पाणी नावेत येते. दहा मिनिटांत अर्ध्या टनाहून अधिक. म्हणून पाण्याखालच्या प्रत्येक तोंडावर, नळीच्या अगोदर, नावेच्या भिंतीला लागूनच हाताने बंद करता येणारी झडप असली पाहिजे आणि ती सहज हाताशी येईल अशी असली पाहिजे. उत्तम जोडसुद्धा या झडपेची जागा घेऊ शकत नाही.

नळी आणि निपल

लवचिक नळी ज्या कठीण तुकड्यावर चढवितात त्याला बाजारात निपल म्हणतात. त्याच्या अंगावर कड्यांसारखे उंचवटे असतात. नळी चढताना त्यांच्यावरून सरकते, पण उलट ओढली असता त्यांना अडकते. नळी जागेवर राहण्याचे काम हे उंचवटे करतात. पाणी अडविण्याचे काम मात्र नळीच्या आतल्या पृष्ठभागाने निपलला सर्व बाजूंनी सारखे चिकटून राहण्यावर अवलंबून असते, आणि हा दाब क्लिप देते.

पहिला नियम मापाचा. नळीचा आतील व्यास निपलच्या मापाचाच हवा. सैल नळी क्लिपने कितीही आवळली तरी तिला कोठे तरी चुणी पडते, आणि ती चुणी म्हणजे पाण्यासाठी तयार केलेला पाटच होय. उलट, लहान नळी बळाने ताणून बसविली तर ती काही महिन्यांत चिरते. योग्य नळी जोर लावल्यावरच चढते. चढत नसेल तर तिचे टोक काही क्षण गरम पाण्यात धरावे, ते मऊ होते. साबणाचे पाणी लावले तरी चालते, ते वाळून जाते. तेल किंवा ग्रीस मात्र लावू नये. ते वाळत नाही आणि नळी पुढे निसटण्यास तेच मदत करते.

दुसरा नियम नळीच्या जातीचा. बागेत वापरावयाची साधी नळी पंपाच्या ओढीने चपटी होते. त्यासाठी आत सर्पिल कडे असलेली नळी घेतात. परंतु काही नळ्यांच्या आतल्या अंगालाही त्या कड्याचे उंचवटे उमटलेले असतात. अशा नळीत निपलभोवती सर्पिल खाच राहते आणि पाणी तिच्यातून गोल गोल फिरत बाहेर येते. क्लिप आवळून ही गळती थांबत नाही. म्हणून नळी बाहेरून खडबडीत असली तरी आतून गुळगुळीत असावी.

तिसरा नियम क्लिपचा. पट्टीला खाचा पाडून स्क्रूने आवळण्याची क्लिप १९२१ मध्ये लम्ली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने तयार केली आणि आजही तीच सर्वत्र वापरात आहे. ती नळीच्या अगदी टोकावर न बसविता थोडी आत, निपलच्या उंचवट्यांच्या मधोमध यावी. निपल पुरेसे लांब असेल तर दोन क्लिपा बसवाव्यात आणि त्यांचे स्क्रू परस्परविरुद्ध बाजूंना ठेवावेत, म्हणजे दाब सर्व बाजूंनी सारखा होतो. निपल आखूड असताना दुसरी क्लिप लावली तर ती निपलच्या पुढे, पोकळ नळीवर बसते आणि नळी कापते. क्लिपच्या खाचांतून रबर वर येऊ लागले की ती प्रमाणाबाहेर आवळली गेली असे समजावे. अनेक क्लिपांची पट्टी न गंजणारी असते, पण स्क्रू साध्या लोखंडाचा असतो. खरेदी करताना त्याला लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक जोराने चिकटला तर ती क्लिप नावेसाठी घेऊ नये.

उष्णता आणि विस्मरण

प्लास्टिकच्या नळीचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. सतत दाबाखाली ठेवली की ती हळूहळू दबते आणि तिचा उलट दाब कमी होतो. छत्तीसगढच्या मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तेव्हा ही क्रिया वेगाने घडते. आज घट्ट असलेली क्लिप उद्या सैल असते ती यामुळेच. म्हणून बसविल्यानंतर दुसऱ्या दिवशी, आणि पुन्हा पहिल्या काही उन्हाळी दिवसांनंतर, प्रत्येक क्लिप तपासून गरजेपुरती आवळावी.

थंडीचा परिणाम याच्या उलट, पण तितकाच घातक असतो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत नष्ट झाले आणि सात जण मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या जोडातील रबरी कडे थंडीने ताठर झाले होते आणि फट उघडताच ती भरून काढण्याइतक्या त्वरेने ते फुगू शकले नाही, असे चौकशीत आढळले. सांधा हलतो, तेव्हा भरणाऱ्या द्रव्याने त्याच्याबरोबर हलले पाहिजे. अटलांटिकमधील कापसाचा धडा येथे पुन्हा भेटतो.

आट्यांचे जोड

निपलचे दुसरे टोक बहुधा आट्यांनी पंपात किंवा टाकीच्या तोटीत बसते. भिलाईत 'बीएसपी' म्हटले की प्रथम कारखाना आठवतो. नळकामात मात्र ही अक्षरे ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांची खूण आहेत आणि भारतात त्याच प्रचलित आहेत. परदेशी पंपांवर पुष्कळदा अमेरिकन आटे असतात. ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा असतो. अर्ध्या इंचाच्या मापात दोहोंचे इंचामागे चौदाच आटे येतात, त्यामुळे ते एकमेकांत फिरतात आणि जुळल्याचा भास होतो. पण जोड गळतोच. एक इंचाच्या मापात तर आट्यांची संख्याही वेगळी, अकरा आणि साडेअकरा. दोन-तीन फेऱ्यांनंतर तुकडा अडला तर पान्ह्याने जोर न करता आटे तपासावेत.

निमुळत्या आट्यांवर पूर्वी सणाचा धागा आणि सफेदा लावीत. धागा भिजून फुगे आणि फट भरून काढी. आता टेफ्लॉनची पट्टी वापरतात. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ मध्ये रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला दुसरेच संशोधन करताना योगायोगाने सापडला. ही पट्टी गोंद नव्हे. आट्यांतील पोकळी भरणे आणि फिरविताना घर्षण कमी करणे, एवढेच तिचे काम. आट्यांच्या तोंडाकडे पाहून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे जोड फिरविताना ती उलगडत नाही. तीन ते पाच वेढे पुरतात. पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर पट्टीचा तुकडा तुटून पंपात जातो. प्लास्टिकच्या तोटीत जाड वेढे देऊन निमुळता तुकडा कसला तर तो पाचरीप्रमाणे तोटी फोडतो, आणि हा तडा पुष्कळदा काही दिवसांनी दिसू लागतो.

टाकीच्या भिंतीतून नळी काढताना दोन्ही बाजूंनी धरणारी तोटी लागते. तिचा रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला यावा. भोकाच्या कडेचे बोचरे तंतू कानशीने काढून टाकावेत, कारण केसाएवढी ओरखडही पाण्यास पुरते. नट हाताने घट्ट करून नंतर पान्ह्याने अगदी थोडाच फिरवावा. वॉशर चिरडून कडेने बाहेर फुगला, तर तो निरुपयोगी झाला असे समजावे.

गळणाऱ्या जोडावर बाहेरून सिलिकोन किंवा एम-सीलसारखे लुकण थापण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने पाण्याचा दाब बाहेरून अडवावा लागतो, म्हणजे तो दाबच लुकणाला भिंतीपासून सुटे करीत असतो. शिवाय खालचा दोष झाकला जातो. किनाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी हा उपाय ठीक आहे. पोहोचल्यावर जोड खोलून पुन्हा करावा.

गच्चीवरून परीक्षा

नाव पाण्यात उतरविण्यापूर्वी जोडांची परीक्षा घरीच घेता येते. पाण्याच्या एक मीटर उंचीने दर चौरस सेंटिमीटरवर ०.१ किलोग्रॅम दाब पडतो. गच्चीवरील टाकी अंगणापासून सहा मीटर उंच असेल, तर तिच्यापासून खाली आणलेल्या नळीत ०.६ किलोग्रॅम दाब मिळतो. लहान नावेत टाकीची उंची पंपापासून सहसा मीटर-दीड मीटरच असते, तेव्हा ही परीक्षा पुरेशी कडक ठरते. नळ्या आणि जोड यांची माळ तयार करून तिचे टोक बंद करावे, प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि चोवीस तास तसेच ठेवावे. कागदावरील डाग कोणता जोड गळतो ते नेमके सांगतो.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. नावेची टाकी किंवा पिशवी या माळेला कधीही जोडू नये. अर्धा मीटर लांब व अर्धा मीटर रुंद अशा सपाट भिंतीवर हाच दाब एकूण सुमारे दीड हजार किलोग्रॅम इतका भार टाकतो, आणि टाकी फुटते. नळीचा पृष्ठभाग लहान म्हणून तिला जे सोसते, ते टाकीला सोसत नाही. याच कारणासाठी नावेतही टाकीतून हवा व जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची नळी भरण्याच्या नळीपेक्षा बारीक नसावी.

पंपाच्या ओढीच्या बाजूची गळती फसवी असते. तेथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप आवाज करतो, पण टाकी भरत नाही. अशा वेळी पंपाला दोष देण्यापूर्वी त्या बाजूचे जोडही गच्चीच्या दाबाखाली तपासून पाहावेत.

अर्धी टाकी

जोड उत्तम असूनही तोलभार धोकादायक ठरू शकतो, हे शेवटी सांगणे अवश्य आहे. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी नाव कलेल त्या बाजूला धावते आणि कल वाढविते. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. टाकीत उभा पडदा घालून तिचे दोन सारखे भाग केले तर तो एक-चतुर्थांशावर येतो. म्हणून टाकी पूर्ण भरावी किंवा पूर्ण रिकामी ठेवावी, मधली अवस्था टाळावी. मुद्दाम भरलेली टाकी एखाद्या गळक्या जोडातून हळूहळू अर्धी झाली, तर नेमकी हीच अवस्था येते, आणि नावेतील माणसांना तिचा पत्ता नसतो. गळती केवळ पाणी आत आल्यानेच धोका आणते असे नाही. तोलाचे पाणी टाकीतून निघून गेल्यानेही तोच धोका उद्भवतो.

सांध्याची कला ही मुख्यतः धीराची कला आहे. योग्य माप निवडणे, स्वच्छ करणे, बेताने आवळणे, एक दिवस थांबणे आणि पुन्हा तपासणे, यांत अवघड असे काहीच नाही. महासागराच्या मध्यावर पाण्याखाली उतरून जे काम करावे लागते, ते अंगणात, सावलीत बसून, कोरड्या हातांनी करण्याची संधी प्रत्येक नाव बांधणाऱ्याला मिळते. ती त्याने घ्यावी.